लिऑन फ्लायशर : तीस वर्षांचा डावा हात

मंडळी, लिऑन फ्लायशर यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी अशी सांगितली जाते : थोर पियानोवादक, ऐन उमेदीत उजवा हात गेला, तीस वर्षं डाव्या हातावर काढली, मग बोटॉक्सचं (स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन मिळालं आणि हात बरा झाला. यातलं शेवटचं विधान चूक आहे. तो हात कधीच बरा झाला नाही. अखेरपर्यंत तो सांभाळावा लागला, आणि हे सांभाळणं किती अवघड होतं हे कळल्याशिवाय त्यांचं उत्तरायुष्यातलं वादन समजत नाही.

सुरुवातीचा भाग थोडक्यात सांगतो. जन्म 1928, सॅन फ्रान्सिस्को. नामवंत पियानोवादक आर्टुर श्नाबेल लहान मुलांना शिकवत नसत, पण या मुलासाठी त्यांनी नियम मोडला. अट एकच : शिक्षण चालू असेपर्यंत जाहीर कार्यक्रम नाहीत. 1938 मध्ये इटलीत कोमो सरोवराकाठी तालीम सुरू झाली. श्नाबेल हे लेशेटित्स्कींचे शिष्य, लेशेटित्स्की चेर्नींचे आणि चेर्नी बीथोव्हनचे. घराणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना समजावून सांगायला नको. 1944 मध्ये, सोळाव्या वर्षी, पिएर माँतो यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर ब्राम्सचा डी मायनर कन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, वाजवला. 1952 मध्ये ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकली. नंतर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर बीथोव्हनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही कन्चेर्तो ध्वनिमुद्रित केले. या मुद्रणांपुढे ठेवावं असं फार थोडं आहे.

1964 च्या सुमारास उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी पियानोच्या पट्टीवर सरळ राहीनाशी झाली. वाजवायला घेतलं की ती आपोआप तळहाताकडे वळायची. दुखणं नाही, सूज नाही. दुखत नाही म्हटल्यावर कलाकार काय करतो? रियाज वाढवतो. फ्लायशर यांनीही तेच केलं आणि त्यानेच आजार बळावला. 1965 चा क्लीव्हलंडबरोबरचा सोव्हिएत दौरा सोडावा लागला.

या आजाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. दोष बोटात नसतो, मेंदूत असतो. प्रत्येक बोटासाठी मेंदूत वेगळी जागा असते. एकच हालचाल वर्षानुवर्षं प्रचंड वेगाने आणि ताणाखाली केली की काहींच्या बाबतीत शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात. मग अनामिकेला दिलेला हुकूम करंगळीलाही जातो, आणि बोट उघडणारे व मिटणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. म्हणून जास्त रियाज म्हणजे चुकीचा हुकूम आणखी पक्का करणं. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो. पियानोवादकांत बहुधा उजवाच हात धरला जातो, कारण वरची सुरावट बऱ्याचदा त्याच हाताच्या या दोन दुबळ्या बोटांवर येते. त्या काळात हे निदान फारसं कोणाला माहीत नव्हतं. फ्लायशर यांनी असंख्य उपचार केले, मनगटातली नस मोकळी करण्याची शस्त्रक्रियाही करून घेतली.

आता डाव्या हाताकडे येऊ. आपल्या पेटीवर एक हात भात्याला आणि एक सुरांना, तेव्हा एका हाताने वाजवण्यात विशेष काय, असं वाटेल. पियानोवर त्या एका हाताला खर्जाचा आधार, मधली स्वरसंगती आणि वरची सुरावट ही तिन्ही कामं करायची असतात. एका हातासाठी लिहिलेलं संगीत बहुतांशी डाव्या हाताचंच का, याचं कारण त्याच्या रचनेत आहे. या हाताचा अंगठा उंच स्वरांच्या बाजूला येतो, म्हणजे सुरावट सगळ्यात बळकट बोटाकडे जाते आणि करंगळी खर्ज धरते. उजव्या हाताने हेच करायचं तर सुरावट करंगळीवर येईल.

सगळी भिस्त उजव्या पायाखालच्या पेडलवर; ते दाबलेलं असेपर्यंत बोट उचललं तरी स्वर घुमत राहतो. करंगळीने खर्जाचा स्वर वाजवायचा, तो पेडलने पकडायचा आणि मगच हात वर न्यायचा. बोट पट्टीवरून उठल्यावर पेडल दाबलं तर स्वर तुटतो आणि वरची सुरावट आधाराविना लोंबकळते. उलट जुन्या स्वरसंगतीचं पेडल वेळेत सोडलं नाही तर सगळा चिखल होतो. बसायचं नेहमीपेक्षा थोडं उजवीकडे, नाहीतर उंच स्वरांकडे जाताना कंबर पिळवटते.

डाव्या हाताचं हे साहित्य बरंचसं पियानोवादक पॉल विटगेनस्टाइन यांच्यामुळे निर्माण झालं. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला; मग त्यांनी रावेल, प्रोकोफिएव, हिंडेमिथ यांच्याकडून मानधन देऊन रचना लिहून घेतल्या. रावेलचा कन्चेर्तो फ्लायशर यांचा हुकमी झाला. याच काळात ते वाद्यवृंदाच्या संचालनाकडे वळले आणि बॉल्टिमोरच्या पीबडी संस्थेतली 1959 पासूनची शिकवणी त्यांनी अधिक जोमाने धरली. स्वतः वाजवून दाखवता येत नसल्याने प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावी लागे. आंद्रे वॉट्स आणि येफिम ब्रॉन्फमन हे त्यांचे शिष्य. माझ्या मते ते मोठे गुरू झाले ते या सक्तीमुळेच.

1982 मध्ये बॉल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांनी दोन्ही हातांनी फ्रांकची सिंफनिक व्हेरिएशन्स वाजवली. टाळ्या कडाडल्या, पण हात तयार नाही हे त्यांना कळलं होतं. ते पुन्हा डाव्या हाताकडे गेले.

1990 च्या दशकाच्या मध्यात दोन उपाय जुळून आले : रोल्फिंग नावाचं खोल मर्दन आणि बोटॉक्स. बोटं मिटवणारे स्नायू कोपराखाली असतात. सुईने नेमका स्नायू शोधून तिथे अगदी थोडं औषध सोडतात. मात्रा जास्त झाली तर बोटाला पट्टी दाबायचं बळ उरत नाही, कमी पडली तर बोट वळतच राहतं, आणि औषध शेजारच्या स्नायूत पसरलं तर चांगलं बोटही ढिलं पडतं. काही महिन्यांत परिणाम ओसरतो आणि पुन्हा टोचून घ्यावं लागतं. मेंदूतला चुकीचा हुकूम तसाच राहतो, फक्त तो पाळणारा स्नायू दुबळा होतो.

म्हणूनच 2004 च्या त्यांच्या दोन्ही हातांच्या मुद्रणात बाख आहे, शोपाँचं नॉक्टर्न आहे, शूबर्टचा शेवटचा बी फ्लॅट सोनाटा आहे. कडाडणारं, सप्तकाच्या अंतराचे दोन स्वर एकदम वाजवत मारा करणारं काही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर हिंडेमिथची 1923 ची डाव्या हाताची रचना पहिल्यांदा जाहीरपणे वाजवली. विटगेनस्टाइननी ती न वाजवता ठेवून दिली होती आणि त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर ती सापडली. उजवा हात हाताशी आला असतानाही फ्लायशर यांनी डाव्याचं साहित्य सोडलं नाही. 2020 मध्ये बॉल्टिमोरला त्यांचं निधन झालं.

आता आपण त्यांनी वाजवलेला बाखचा शाकोन, मूळची एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, ऐकू. ब्राम्सने हे रूपांतर एकट्या डाव्या हातासाठी केलं, मूळ व्हायोलिनपेक्षा एक सप्तक खाली. सुरुवातीच्या स्वरसंगती हात एकदम वाजवू शकत नाही, खालून वर उलगडतो. तिथे खर्जाचा स्वर किती वेळ टिकतो, इकडे कान द्या. मग मधला डी मेजरचा भाग येईल. तिथे सुरावट अंगठ्याकडे असताना तिचा एकही स्वर शेजारच्यापेक्षा जड लागत नाही, हे ऐकून पाहा.