कोटाबाहेरचं कोल्हापूर

मंडळी, गंगावेस, रंकाळावेस, शनिवार वेस ही नावं आपण दिवसातून चारदा घेतो. वेस मात्र कुठंच नाही. तटाचा एक तुकडा आणि बुरूज बिंदू चौकात सबजेलला लागून तेवढा उरलाय. डिसेंबर १८५७ मध्ये बंडवाल्यांनी शहराच्या वेशी लावून घेतल्या होत्या आणि कर्नल जेकबच्या फौजेला दरवाजा उडवून आत शिरावं लागलं. पुढं राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत.

त्यामुळं जुनं कोल्हापूर म्हणजे कोटाच्या आतलं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पेठेतल्या माणसाला तर ते सांगावंही लागत नाही! पण सगळ्यांत जुनी वस्ती या तटाच्या बाहेर, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. टाउन हॉलच्या संग्रहालयात ग्रीकांच्या समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे ना, तीही ब्रह्मपुरीचीच. रोमन व्यापाराचा माल घाट चढून इथवर येत होता.

आता खरा वाद, कोल्हापूर तेव्हा कुणा राजाची राजधानी होतं का, याचा. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी लिहितो की पैठण ही पुळुमावी राजाची राजधानी, उज्जैन चष्टनाची आणि हिप्पोकुरा बलिओकुराची. पहिल्या दोन गोष्टी नाण्यांनी आणि लेखांनी खऱ्या ठरल्यात, मग तिसरी का खोटी मानायची? बलिओकुर म्हणजे नाण्यांवर नाव असलेला राजा विळिवायकुर. धनुष्यबाणाची त्याची शिशाची नाणी कोल्हापुरात मिळाली, म्हणून रा. गो. भांडारकरांसारख्यांनी सांगितलं, हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर. काहींनी मात्र ते नाव विजापूरकडच्या हुविन हिप्परगीला जोडलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या गावाला राजधानीचा मान मिळतोय तर हा गृहस्थ आडवा का येतोय! माझं म्हणणं एवढंच, की राजा इथला होता याला नाण्यांचा आधार भक्कम आहे. राजधानी इथंच होती, हे त्यावरून ठरत नाही. नाणं बाजारासोबत गावोगाव फिरतं. आणि पोसायडन तर या वादात साक्षीदारच नव्हे. तो व्यापाराचं सांगतो, गावाच्या नावाचं नाही. हिप्परगीकडं तर नावातल्या साधर्म्याखेरीज काही नाही, म्हणून दोन्हींत कोल्हापूरचं पारडं जड, असं मी मानतो.

हा वाद मिटवायला गावाचं नाव कोरलेली मुद्रा किंवा लेख हवा. ब्रह्मपुरीवर आता घरं उभी आहेत. तिथं कुणी नवा पाया घेताना शिशाचा एखादा तुकडा वर आला, तर तो भंगारवाल्याकडं न जाता टाउन हॉलकडं यावा.