गिऱ्हाइकाच्या काडतुसासाठी घडवलेली रायफल

मित्रहो, रायफलीबद्दल बोलायला लागलो की आपण नळी किती लांब, वजन किती, मिनिटाला गोळ्या किती, इथूनच सुरुवात करतो. आज मी काडतुसापासून सुरुवात करणार आहे, कारण कलाश्निकोव्ह (एके) घराण्यातली एके-101 ही रशियन रायफल काडतुसाच्या हिशेबातूनच जन्माला आली.

1991 मध्ये सोव्हिएत संघ मोडला. रशियातल्या इझेव्स्क शहरातल्या शस्त्रकारखान्याची एके-74एम ही सुधारित रायफल त्याच सुमारास सैन्यात घेतली गेली होती. पण सरकारकडे पैसा नव्हता आणि कोठारं जुन्या रायफलींनी भरलेली होती. कारखाना चालू ठेवायचा तर बाहेरचं गिऱ्हाईक मिळवणं भाग होतं. बाहेर मात्र अडचण वेगळीच होती. एके-74 चं 5.45 मिलिमीटरचं काडतूस सोव्हिएत वर्तुळाबाहेर फारसं कोणी वापरत नव्हतं. नाटोने 1980 मध्ये 5.56 बाय 45 हे काडतूस (पहिला आकडा गोळीची जाडी, दुसरा कवचाची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये) प्रमाण ठरवलं होतं आणि जगभरातल्या कितीतरी सैन्यांनी त्याचे साठे करून ठेवले होते. जुन्या मित्रदेशांकडे होतं ते एके-47 चं 7.62 बाय 39. तेव्हा इझेव्स्कने रायफलीचा सांगाडा तोच ठेवला आणि काडतूस गिऱ्हाइकाच्या पसंतीचं घेतलं. 5.56 वाल्यांसाठी एके-101, 7.62 वाल्यांसाठी एके-103. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, बाजूला दुमडणारा बट, दुर्बीण बसवायला डाव्या अंगाला पट्टी, हे दोन्हींत सारखंच.

या दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या तर ओळखायच्या कशा? मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, बघा. 7.62 च्या काडतुसाचं कवच तळाशी रुंद आणि टोकाकडे चांगलंच निमुळतं असतं. अशी तीस काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वळते, म्हणून ते मॅगझिन केळ्यासारखं वाकडं. 5.56 चं कवच जवळजवळ सरळ, त्यामुळे एके-101 चं मॅगझिन बरंच कमी वाकलेलं दिसतं.

माझ्या दृष्टीने खरी मेख याच मॅगझिनमध्ये आहे. एके-101 काडतूस नाटोचं खाते, पण अमेरिकन एम-16 चं मॅगझिन तिला बसत नाही. म्हणजे घेणाऱ्याला गोळ्या कुठूनही आणता येतात, मॅगझिन मात्र कलाश्निकोव्ह घराण्याचंच लागतं. सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण यांचंही तेच. रायफल एकदाच विकली जाते, तिच्या मागून येणारं गिऱ्हाइकीचं नातं पुढची तीसचाळीस वर्षं टिकतं.

शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोने या रायफलीचं तंत्रज्ञान राजकीय मैत्रीपोटी वाटलं. चीनची टाइप 56 त्यातूनच आली. नव्वदीनंतर मैत्रीची जागा करारांनी घेतली. व्हेनेझुएलाने 2005 मध्ये एक लाख एके-103 चा सौदा केला आणि माराकाय इथे परवान्यावर कारखाना उभारायचंही ठरवलं. रायफली लवकर पोचल्या, कारखान्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं. घेणाऱ्या देशांनी हे उदाहरण विसरू नये असं मला कळकळीने वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलीचं डिझाइन केलं. तीही 5.56 ची. आपण मात्र नंतर उलट्या वाटेने गेलो. डिसेंबर 2021 मध्ये भारताने सहा लाखांहून अधिक एके-203 चा करार केला. ही एके-103 चीच सुधारित पिढी, काडतूस 7.62 बाय 39. उत्पादन उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे. सैन्याची मुख्य रायफल बदलणं म्हणजे सैनिकाच्या हातातली वस्तू बदलण्याइतकी सोपी गोष्ट नसते. काडतूस बदललं की दारूगोळ्याचं उत्पादन, साठवण, सरावाच्या गोळ्यांचा हिशेब, सगळंच बदलतं. खडकी आणि वरणगावच्या दारूगोळा कारखान्यांत ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांना हे मी सांगायला नको.

एका गोष्टीबद्दल मात्र आपण फार कमी बोलतो. लिबियाने गद्दाफींच्या काळात रशियाकडून एके-103 घेतल्या होत्या, चाप एकदा दाबला की तीन गोळ्यांची फैर सुटण्याची सोय असलेल्या. 2011 मध्ये सत्ता कोसळली, कोठारं लुटली गेली आणि या रायफली लिबियाच्या सीमेपलीकडे सापडू लागल्या. सौदा सरकारशी झाला होता. ते सरकार गेलं, रायफली राहिल्या. चांगली निगा राखली तर अशी रायफल माणसाच्या उमेदीच्या वर्षांहून जास्त टिकते, हे विकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

देशादेशांतल्या शस्त्रविक्रीला नियम घालणारा शस्त्र व्यापार करार संयुक्त राष्ट्रांत 2013 मध्ये मंजूर झाला, 2014 च्या डिसेंबरात लागू झाला. मतदानाच्या वेळी रशिया आणि भारत दोघेही तटस्थ राहिले आणि आजही दोघे त्या कराराबाहेर आहेत. भारताचा आक्षेप असा होता की करारात पारडं निर्यातदारांकडे झुकलं आहे. तेव्हा आपण प्रामुख्याने घेणाऱ्याच्या भूमिकेत होतो आणि त्या आक्षेपात तथ्यही होतं. पण कोरवाच्या रायफली मित्रदेशांना विकण्याचा विचार सरकारने बोलून दाखवला आहे. तसं झालं तर आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसू. मग आपली रायफल कोणाच्या कोठारात जाते, तिथून पुढे कुठे जाते आणि ते तपासायचं कोणी, याचे नियम पहिली खेप बंदरातून निघण्याआधी आपण स्वतःच संसदेत ठरवायला हवेत. त्यासाठी दुसऱ्या कुणी करार पुढे करण्याची वाट पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.