गाडीतली रायफल

[दृश्य: पश्चिम टेक्सास. सरळसोट डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना काटेरी तारेचं कुंपण, लांबून येणारा एक पिकअप ट्रक.]

टेक्सासच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून ब्रूस्टर काउंटी आहे. क्षेत्रफळ सोळा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा थोडं जास्तच. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्यात ९४ लाख माणसं मोजली गेली. ब्रूस्टरमध्ये दहा हजारही नाहीत, आणि त्यातली निम्म्याहून अधिक आल्पाइन या एकाच गावात राहतात. उरलेलं सगळं डोंगर, वाळवंट, गुरांची कुरणं आणि बिग बेंड राष्ट्रीय उद्यान.

इथल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, काही अघटित घडलं तर ९११ ला, तिकडच्या आपत्कालीन नंबरला, फोन लावायचा. आधी रेंज मिळायला हवी. ती मिळाली तर शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा, माणूस निघेल, आणि तो येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

म्हणून पिकअपमध्ये रायफल असते. तिचा रोजचा उपयोग माणसांवर नाही. वासरांवर टपलेला कोयोटी (लांडग्यासारखा, पण लहान जंगली प्राणी), कुंपणाखालून घुसून रान उकरणारी डुकरं, पाय मोडून पडलेलं जनावर, असल्या कामांना ती लागते. रानडुकरांचा उच्छाद काय असतो हे कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. टेक्सासमध्ये ती लाखोंनी आहेत, आणि खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर त्यांना मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. पक्कड, तारेचं भेंडोळं, पाण्याचा कॅन आणि रायफल. तिकडे तिला 'ट्रक गन' म्हणतात.

[दृश्य: जुनं छायाचित्र. पिकअपची मागची काच, आतल्या रॅकवर आडव्या ठेवलेल्या दोन बंदुका.]

एके काळी ही लपवायची वस्तूच नव्हती. मागच्या काचेला आतून रॅक, त्यावर एक रायफल, एक शॉटगन (छर्‍यांची बंदूक). शिकारीच्या मोसमात शाळेच्या पार्किंगमध्येही असे ट्रक उभे असत, आणि शाळा सुटली की पोरं थेट हरणांच्या मागावर जात. आज साठी-सत्तरीत असलेली माणसं हे हौसेने सांगतात. तो रॅक आता फारसा दिसत नाही. शाळांभोवतीचे कायदे हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे बाहेरून बंदूक दिसली की काच फुटते.

नाव मात्र टिकलं, आणि रँच सोडून शहरात आलं. आज डॅलस, डेन्व्हर किंवा अटलांटाच्या उपनगरात 'ट्रक गन' म्हटलं की एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित, म्हणजे दर वेळी घोडा ओढला की एक गोळी सोडणारी रायफल डोळ्यांपुढे येते. एसयूव्हीच्या सीटखाली किंवा साध्या सेडानच्या डिकीत ठेवलेली. दुमडणारे दस्ते, खेळाच्या सामानाची वाटावी अशी बॅग, गाडीच्या तळाला बोल्टने आवळायची पोलादी पेटी, या सगळ्याची चांगली मोठी बाजारपेठ आहे. इथे ना कोयोटी, ना डुक्कर. 'वेळ आली तर', एवढंच कारण.

आता ती वेळ नेमकी कोणती, ते बघू.

[दृश्य: लॉस एंजेलिस. हेलिकॉप्टरमधून दिसणारा रस्ता, आडव्या लावलेल्या पोलीस गाड्या.]

२८ फेब्रुवारी १९९७. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात दोन दरोडेखोर बँक लुटून बाहेर पडले. अंगावर गोळीला न भेदता येणारं चिलखत, हातात सलग गोळ्या सोडणाऱ्या रायफली. गस्तीवरच्या पोलिसांकडे ९ मिलिमीटरची पिस्तुलं आणि शॉटगन. पिस्तुलाच्या गोळ्या लागत होत्या, पण आत जात नव्हत्या. चकमक ४४ मिनिटं चालली आणि टीव्हीवर थेट दिसली. काही पोलीस तर जवळच्या बंदुकीच्या दुकानात गेले आणि रायफली मागून घेतल्या. शेवटी दोन्ही दरोडेखोर मेले. पोलीस आणि नागरिक मिळून वीसच्या आसपास लोक जखमी झाले, त्यातलं कोणी दगावलं नाही, हे नशीबच. यानंतर लष्कराच्या जादा साठ्यातल्या सहाशे एम-१६ रायफली लॉस एंजेलिस पोलिसांकडे आल्या. पुढच्या काही वर्षांत अमेरिकाभर गस्तीच्या गाडीत रायफल असणं नेहमीचं झालं.

गाडीत रायफल ठेवणारे हाच दाखला देतात. पोलिसांना लागली, मग मला का नको?

त्यांच्याकडे आणखीही दाखले आहेत. १ ऑगस्ट १९६६ ला ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या उंच मनोऱ्यावरून एका माजी मरीन सैनिकाने तासाहून अधिक वेळ खालच्या माणसांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा नागरिकांनी आपापल्या शिकारीच्या रायफली आणून खालून उलट मारा केला. त्यामुळे त्याला कठड्यावरून डोकं वर काढणं अवघड झालं. मात्र पोलीस वर पोचले तेव्हा खालून येणाऱ्या त्याच गोळ्या त्यांच्याही आसपास आदळत होत्या. पुढे १ ऑक्टोबर १९९७ ला मिसिसिपीतल्या पर्ल गावच्या शाळेत गोळीबार झाला, तेव्हा उपमुख्याध्यापक धावत पार्किंगमध्ये गेले, आपल्या ट्रकमधलं .४५ चं पिस्तूल काढलं आणि पळून जाऊ पाहणाऱ्या हल्लेखोराला रोखून धरलं.

या घटना घडलेल्या आहेत, त्या खोडून काढण्यात अर्थ नाही. पण त्यांत वेळ किती मिळाला, तेही पाहायला हवं. ऑस्टिनमध्ये घरी जाऊन बंदूक आणायला सवड होती. असं क्वचितच होतं. शहरात माणसावर प्रसंग येतो तो पेट्रोल पंपावर, एटीएमपाशी, दुकानाच्या पार्किंगमध्ये. समोरचा दोन हातांवर असतो आणि काही सेकंदांत सगळं आटोपतं. डिकीतल्या रायफलपर्यंत जायचं म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवायची. बरं, शेजारच्या सीटवर असली तरी काय? रायफलची नळी कायद्याने किमान १६ इंच हवी, म्हणजे दस्ता धरून ती पाऊण मीटरच्या पुढे जाते. स्टिअरिंगमागे बसून ती खिडकीकडे वळवून बघा. कोपर दाराला अडतं, नळी काचेला. आणि बंद गाडीत ती उडवली तर कानाची कायमची वाट लागू शकते.

१७ जुलै २०२२ ला इंडियानातल्या ग्रीनवुड गावच्या मॉलमध्ये एकाने रायफलने गोळीबार सुरू केला. तीन माणसं मेली. तिथे खरेदीला आलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाने स्वतःजवळच्या पिस्तुलाने त्याला पाडलं, आणि पोलिसांच्या हिशेबाप्रमाणे हे सगळं पंधरा सेकंदांत झालं. त्याची बंदूक पार्किंगमध्ये असती, तर तेवढ्यात तो मॉलच्या दारापर्यंतही पोचला नसता.

[दृश्य: अर्व्हाडा, कोलोरॅडो. जुन्या बाजारपेठेतली विटांची दुकानं.]

वेळेहून मोठी अडचण वेगळीच आहे. २१ जून २०२१ ला कोलोरॅडोतल्या अर्व्हाडा गावात एका माणसाने दबा धरून पोलिसाला ठार केलं. मग तो आपल्या ट्रककडे गेला आणि एआर-१५ घेऊन परत आला. जवळच्या दुकानातून एक ग्राहक बाहेर आला आणि त्याने आपल्या पिस्तुलाने हल्लेखोराला पाडलं. मग त्याने खाली पडलेली ती रायफल उचलली. धावत आलेल्या दुसऱ्या पोलिसाला दिसला तो हातात रायफल घेतलेला, साध्या कपड्यातला माणूस. त्याने गोळी झाडली. ज्याने हल्ला थांबवला तोच गेला. सरकारी वकिलांनी त्या पोलिसावर आरोप ठेवला नाही. गोळीबार चालू आहे अशी खबर मिळून येणारा पोलीस रायफलवाला माणूसच शोधत असतो, हे गृहीत धरूनच गाडीतून रायफल काढावी लागते. गणवेश आणि वायरलेस पोलिसाकडे असतात, आपल्याकडे नाही.

आमचं मत इथेच सांगून टाकतो. ब्रूस्टरमधल्या माणसाचा ट्रक हीच त्याची कामाची जागा आहे आणि रायफल हे त्याचं अवजार. त्याला शहरात बसून शहाणपण शिकवू नये. उपनगरात ऑफिस, मॉल आणि मुलांची शाळा करणाऱ्याने तिला गाडीत मुक्कामी ठेवू नये.

त्यात कायद्याचं जंजाळ. टेक्सासमध्ये गाडीत रायफल ठेवायला परवाना लागत नाही. पेनसिल्व्हेनियात परवाना असेल तर भरलेलं पिस्तूल गाडीत चालतं, पण भरलेली रायफल चालत नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण मुळात हा शिकारीचा नियम आहे: रात्री गाडीतून दिवे मारून हरणं टिपणाऱ्यांना आळा घालायचा होता. त्याच पेनसिल्व्हेनियातून डेलावेअर नदीचा पूल ओलांडून न्यू जर्सीत या. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन तिथे बेकायदा, आणि एआर पद्धतीच्या कित्येक रायफलींवर थेट बंदी. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने प्रवासाला मुभा दिली आहे, पण रायफल निघाल्या ठिकाणी आणि पोचायच्या ठिकाणी दोन्हीकडे कायदेशीर हवी, रिकामी हवी आणि हाताला येणार नाही अशी डिकीत बंद हवी. मग ती संरक्षणाची कसली, ते सामानच झालं. शाळेच्या हजार फुटांच्या आत पुन्हा वेगळा केंद्रीय नियम: राज्याचा परवाना नसेल, तर बंदूक रिकामी करून कुलपात. मुलांना सोडायला जाणाऱ्या आईवडिलांना हा रोज लागू होतो.

नोकरीच्या ठिकाणची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. ओक्लाहोमातल्या व्हॅलियंट गावात २००२ मध्ये एका कागद गिरणीने वास घेणारी कुत्री आणून पार्किंगमधल्या गाड्या तपासल्या, आणि ज्यांच्या गाड्यांत बंदुका निघाल्या त्यांना कामावरून काढलं. गाव पेटून उठलं. २००४ मध्ये राज्याने कायदाच केला: कुलूपबंद गाडीत बंदूक असेल तर नोकरी देणाऱ्या मालकाने मनाई करायची नाही. मोठ्या कंपन्या कोर्टात गेल्या, २००९ मध्ये हरल्या. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियातही असे कायदे झाले.

[दृश्य: ह्यूस्टनच्या उपनगरातली सोसायटी. संध्याकाळ, दारांसमोर उभ्या गाड्या.]

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट थांबून सांगायला हवी. महाराष्ट्रात हा प्रश्न उद्भवतच नाही. परवान्याशिवाय बंदूक नाही, आणि अर्धस्वयंचलित रायफल सर्वसाधारण परवान्यात बसत नाही. अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलं की वाटतं, इथे सगळ्यांना सगळं चालतं. तसं नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजकेच अपवाद. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. ग्रीन कार्ड मिळालं की ही मनाई उठते, पण भारतीयांची ती रांग किती लांब आहे हे रांगेत उभ्या असलेल्यांनाच विचारा. आणि रायफल आपल्या नावावर असायलाच हवी असं नाही. मित्राची गाडी चार दिवस वापरायला घेतली, डिकीत रायफल आहे हे आपल्याला माहीत आहे, किल्ली आपल्याकडे आहे. सरकारी वकिलाला एवढं पुरू शकतं. मित्राला आधी विचारा आणि डिकी रिकामी करून मगच गाडी घ्या.

[दृश्य: रात्र. सीसीटीव्ही. हुडी घातलेली दोन पोरं ओळीने गाड्यांच्या दारांची हँडलं ओढत जातात.]

आता चोरी. आमच्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि संरक्षणाच्या गप्पांत तो सगळ्यात कमी निघतो. अमेरिकी सरकारच्या बंदूकविषयक खात्याच्या, म्हणजे एटीएफच्या अहवालाप्रमाणे २०१७ ते २०२१ या काळात खासगी मालकांच्या दहा लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याची नोंद झाली. त्यातल्या गाड्यांमधून किती, याचा हिशेब एव्हरीटाऊन या संस्थेने एफबीआयच्या आकडेवारीवरून केला: २०२२ मध्ये त्यांनी पाहिलेल्या शहरांत निम्म्याहून जास्त. ही संस्था बंदूक नियंत्रणाच्या बाजूची आहे हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचावा. पण पोलिसांची गाऱ्हाणीही तीच आहेत: उघडी राहिलेली दारं, आणि मागच्या काचेवर बंदूक कंपनीचा स्टिकर, जो चोराला कुठे हात घालायचा ते सांगतो.

पोलिसांच्याही गाड्या यातून सुटत नाहीत. २०१५ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका केंद्रीय रेंजरच्या उभ्या गाडीतून सरकारी पिस्तूल चोरीला गेलं. चार दिवसांनी त्याच पिस्तुलाची गोळी लागून बंदरावर वडिलांबरोबर फिरणारी एक तरुणी गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने उभ्या गाडीत पिस्तूल कुलपात ठेवणं बंधनकारक केलं, पोलिसांनासुद्धा. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून असाच नियम आहे: पिस्तूल असेल तर कडक पेटी आणि कुलूप, रायफलला मऊ बॅगही चालते, पण मग बॅगेला कुलूप आणि रायफललाही.

रँचवरच्या माणसाला हे सोपं जातं. संध्याकाळी तो ट्रक दारात लावतो आणि रायफल घरात नेतो. अपार्टमेंटच्या पार्किंगमधून तीन मजले रायफल घेऊन चढायचं, शेजाऱ्यांच्या नजरा झेलायच्या, सकाळी पुन्हा खाली आणायची, हे काही दिवस होतं. मग कंटाळा येतो आणि ती सीटखालीच राहते. उन्हाळ्यात भट्टी झालेल्या गाडीत, खड्ड्यांचे धक्के खात, तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीचे स्क्रू सैल होत, दुर्बिणीची बॅटरी उतरत.

आणि एके दिवशी सकाळी काच फुटलेली असते. चोरी पोलिसांना कळवण्याचं बंधन केंद्रीय कायदा खासगी मालकावर घालत नाही. काही राज्यं घालतात. कळवलं, तर पोलीस आधी सिरियल नंबर विचारतात. तो रायफलवरच कोरलेला असतो. त्याचा फोटो किंवा खरेदीची पावती घरात असेल तर ठीक. नसेल तर तक्रार लिहून घेतली जाते, पण चोरीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय यादीत ती रायफल चढत नाही. पुढे दुसऱ्या एखाद्या राज्यात, दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात सापडली, तरी ती चोरीची आहे हे त्या यादीतून कुणाला कळत नाही.