डांग्या खोकला: उबळ येण्याआधीचे दिवस

डांग्या खोकला सुरुवातीला डांग्या खोकल्यासारखा दिसत नाही. आठवडा-दोन आठवडे नाक गळते, अंग किंचित कोमट लागते, अधूनमधून ठसका येतो. ठाण्यासारख्या शहरात, जिथे रस्त्याची धूळ आणि पावसाळी ओल यांवर खोकल्याचे खापर सहज फोडता येते, तिथे याची शंका कोणाला यावी? आणि नेमक्या याच दिवसांत तो घरातल्या इतरांना सर्वाधिक लागतो.

बोर्डेटेला पर्ट्युसिस हा त्याचा जिवाणू. ज्यूल बोर्डे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी १९०६ मध्ये ब्रुसेल्स येथे तो प्रयोगशाळेत वाढवला, तेव्हा त्यासाठी बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त यांचे खास मिश्रण त्यांना तयार करावे लागले. हा जिवाणू सहसा रक्तात उतरत नाही. श्वासनलिकेच्या आतील अतिसूक्ष्म केस, जे एरवी सतत हलत राहून कफ वर ढकलत असतात, त्यांनाच तो चिकटतो. त्याच्या विषाने ते केस धारण करणाऱ्या पेशी मरतात, चिकट कफ जागीच साचतो आणि तो बाहेर काढण्यासाठी शरीराजवळ खोकल्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. मग उबळ येते. एका श्वासात मूल खोकतच राहते, चेहरा लाल-निळा पडतो, शेवटी श्वास आत ओढताना लांब, उंच आवाज होतो आणि पुष्कळदा उलटी होते. या टप्प्यावर दिलेल्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाने इतरांना होणारी लागण थांबते. उबळ मात्र कित्येक आठवडे चालूच राहते, कारण मेलेल्या पेशी औषधाने परत येत नाहीत.

सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळांना आहे. त्यांच्यात तो आवाज येईलच असे नाही. खोकण्याऐवजी बाळाचा श्वासच मध्ये थांबू शकतो. लसीचे संरक्षण काही वर्षांनी ओसरत असल्याने ही लागण बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून होते. गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान टीडॅप ही धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची लस घेतल्यास आईची प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाला मिळतात. सरकारी लसीकरणात गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) लसीत डांग्या खोकल्याचा घटक नाही, ही उणीव दूर व्हायलाच हवी.

कळव्यातील एका वस्तीत लसीकरणाचे सत्र चालू आहे. दीड महिन्याच्या बाळाच्या मांडीत पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची लस टोचून झाल्यावर आरोग्यसेविका आईला तापाच्या औषधाचे प्रमाण समजावून सांगते. या लसीत डांग्या खोकल्याचा मारलेला अख्खा जिवाणू असल्याने ताप येतो, मांडी दुखते, आणि त्या एका रात्रीच्या रडण्याने घाबरून काही घरे पुढचा डोस टाळतात. म्हणूनच आशाताई कार्डावर पुढच्या तारखा लिहून देतात: दहा आठवडे, चौदा आठवडे, मग सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचे बूस्टर.