भाकस : माथ्यावर थांबलेला डोळा

(दृश्य : मुंबई, ससून डॉक. पहाट. बर्फावर ओतलेली मासळी.)

ससून डॉकवर उजाडण्यापूर्वीच लिलावाला रंग चढतो. पापलेट, सुरमई आणि कोळंबीच्या पाट्यांभोवती दाटी होते आणि त्याच गर्दीत एखाद्या पाटीत हा चपटा, तपकिरी मासा आडवा पडलेला दिसतो. मराठीत याचे नाव भाकस. इंग्रजीत त्याला इंडियन हॅलिबट म्हणतात. परंतु अटलांटिक महासागरातील हॅलिबटशी त्याचे नाते फार दूरचे आहे आणि या उसन्या नावाने त्याची खरी ओळख झाकली गेली आहे, असे आम्हाला वाटते. ती ओळख त्याच्या डोळ्यांत आहे.

(दृश्य : माशाचे डोके, अगदी जवळून.)

एक डोळा वरच्या अंगावर आहे. दुसरा मात्र त्याच्या शेजारी आलेला नाही. तो डोक्याच्या माथ्यावर, जिथे माशाच्या दोन बाजू एकमेकींना मिळतात, नेमका तिथे थांबला आहे. आता शेजारी ठेवलेला लेप हा दुसरा चपटा मासा पाहा. लेपाचे दोन्ही बारीक डोळे डाव्या अंगावर जवळजवळ बसलेले असतात आणि त्याचा पाठीवरचा पर डोक्यावरून पार पुढे गेलेला असतो. भाकसाचा पर डोळ्यांच्या बराच मागे सुरू होतो आणि त्याच्या सुरुवातीला टणक काटे असतात. असे काटे पर्चसारख्या सरळ पोहणाऱ्या माशांना असतात. चपट्या माशांमध्ये ते क्वचितच आढळतात. म्हणूनच चपट्या माशांच्या 700 हून अधिक जातींमध्ये भाकसाच्या कुळाला सर्वांत जुन्या ठेवणीचे मानले जाते. या कुळात आज जेमतेम 3 जाती उरल्या आहेत. त्यांपैकी दोन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहतात. तिसरी तांबड्या समुद्रापासून जपान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली असून तीच आपल्या समोरच्या पाटीत आहे.

(दृश्य : पिल्लाच्या वाढीचे रेखाचित्र, टप्प्याटप्प्याने.)

कोणताही चपटा मासा जन्मतः चपटा नसतो. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू इतर माशांच्या पिल्लांसारखेच असते. दोन बाजूंना दोन डोळे ठेवून ते पाण्यात सरळ उभे पोहते. पुढे अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने त्याचे शरीर पालटू लागते. कवटीची हाडे वाकतात, एक डोळा हळूहळू वर सरकत माथा ओलांडतो आणि दुसऱ्या डोळ्याच्या बाजूला येतो. मग पिल्लू तळाशी जाऊन एका अंगावर आडवे होते. भाकसाचा डोळा माथ्यापर्यंत येतो आणि तिथेच राहतो. बहुतेक चपट्या माशांमध्ये कोणत्या बाजूचा डोळा सरकणार हे त्या त्या जातीनुसार ठरलेले असते. भाकसात मात्र डाव्या अंगावर डोळे असलेले आणि उजव्या अंगावर डोळे असलेले मासे जवळपास सारख्याच संख्येने सापडतात. पाटीतले हे दोन भाकस दोन दिशांना तोंड करून पडले आहेत; ते कोणी तसे मांडून ठेवलेले नाहीत.

या सरकत्या डोळ्याने एकेकाळी उत्क्रांतीच्या सिद्धांतालाच आव्हान दिले होते. सेंट जॉर्ज मिव्हर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने 1871 मध्ये विचारले की, अर्ध्या वाटेवर अडकलेला डोळा माशाच्या काय उपयोगाचा? असा बदल टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. डार्विनने पुढच्याच वर्षी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याला उत्तर दिले, परंतु दाखवायला मधल्या टप्प्याचा जीवाश्म त्याच्याजवळ नव्हता. तो पुरावा पुढे यायला 2008 साल उजाडावे लागले. इटलीतील मोंते बोल्का येथे सापडलेल्या, सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या माशांच्या कवट्या मॅट फ्रीडमन या संशोधकाने तपासल्या आणि त्यांत एका बाजूचा डोळा वर सरकलेला, पण माथ्यापर्यंतही न पोहोचलेला आढळला. भाकसाचे इतर चपट्या माशांशी नेमके नाते काय, यावर जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये आजही मतभेद आहेत. ज्या प्रश्नावर एवढा खल झाला, तो समजून घेण्यासाठी आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी संग्रहालयात जाण्याची गरज नाही. सकाळच्या बाजारात मिळणारा एक मासाही त्यासाठी पुरेसा आहे.

(दृश्य : कोळीणीचा हात माशाचा जबडा उघडतो.)

भाकसाचे तोंड मोठे आहे आणि त्याची फट डोळ्यांच्याही मागे जाते. आत सुळ्यांसारखे दात आहेत आणि त्यांच्या टोकांना गळासारखी अणी आहे. एकदा पकडलेले भक्ष्य निसटणे कठीण. लेपासारखा चिखलातले बारीक जीव टिपणारा हा मासा नव्हे. लहान मासे हे त्याचे मुख्य अन्न आहे. तो वाळूच्या किंवा चिखलाच्या तळाशी पडून राहतो. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यापासून सुमारे 100 मीटर खोलीपर्यंत त्याचा वावर असतो. अंगाचा तपकिरी रंग आणि त्यावरचे रुंद गडद पट्टे यांमुळे तो तळाशी एकरूप होतो. पण तो कायम आडवाच राहतो असेही नाही. कधीकधी तो इतर माशांसारखा उभा होऊन पोहतो, आणि तेव्हा माथ्यावरच्या त्या डोळ्याचे स्थान विचित्र वाटेनासे होते. पूर्ण वाढलेला भाकस 60 सेंटिमीटरच्याही पुढे जातो.

त्याचे शास्त्रीय नाव सेटोड्स एरुमेई. 1801 मध्ये ब्लॉख आणि श्नायडर यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या ट्रँकेबार, म्हणजे आजच्या तरंगंबाडी येथील माशावरून त्याची नोंद केली. तेव्हा शेजारच्या तंजावरात सरफोजीराजे भोसले गादीवर होते. ‘एरुमै’ म्हणजे तमिळमध्ये म्हैस. चपट्या माशांना तिकडे ‘म्हशीची जीभ’ म्हणतात आणि तोच शब्द या नावात कायमचा राहिला.

(दृश्य : ट्रॉलरच्या डेकवर रिकामे होणारे जाळे.)

तळ खरवडत येणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यातून वाळूत दडलेला भाकस सुटत नाही आणि त्याच्याबरोबर त्याची पिल्लेही वर येतात. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस, म्हणजे विणीतले छिद्र, 40 मिलिमीटरचा आणि चौकोनी असावा, हा नियम त्यासाठीच आहे.

(दृश्य : पुन्हा ससून डॉक. ऊन वर आलेले.)

लिलाव आटोपत आला आहे. कोळीण भाकसावर पाणी मारते, तो उलटा करते आणि पुन्हा पाटीत ठेवते. पांढरी बाजू वर आली आहे, आणि तिच्या वरच्या काठावर त्या डोळ्याची कड दिसते आहे.