टॉवेलाचा तुकडा आणि पाण्यावरची क्रेन

(दृश्य: सकाळचे सात. उजनीचा फुगवटा. काठावर भेगाळलेला गाळ. दूर पाण्यावर पॉन्टून, म्हणजे आतून पोकळ कप्प्यांचा तराफा, त्यावर छोटी क्रेन.)

निवेदन:

सोलापुरात क्रेन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो पिवळा हायड्रा. एमआयडीसीत मशीन उतरवायची असो नाहीतर रस्त्यात उलटलेला उसाचा ट्रॅक्टर उचलायचा असो, धुरळा उडवत तोच येतो. पाण्यावर तरंगणारी क्रेन म्हणजे मुंबईची गोष्ट, आपला काय संबंध, असं आपण धरून चालतो.

संबंध उन्हाळ्यात कळतो. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. त्यात 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे एरवी न वापरायच्या तळच्या पाण्यात जमा. उपयुक्त साठा संपला की आपण म्हणतो, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती. शहरापर्यंतची पाइपलाइन सुमारे 110 किलोमीटरची. पाणी मागे सरकतं, जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, काही जागची हलत नाही. मग दुबार पंपिंग, म्हणजे आधी पाणी जॅकवेलपर्यंत उपसून आणायचं; वेळ आलीच तर तिबार. पेपरात ही दोन ओळींची बातमी. जागेवर मात्र जड पंप उचलून नेमक्या जागी पाण्याशी बसवायचे असतात.

अशाच एका कामावर आम्ही कॅमेरा लावला. कंत्राटदाराचं नाव नको, त्यानेच तशी अट घातली होती.

(दृश्य: पॉन्टूनवरचं झाकण उघडलं जातंय. आत बॅटरीचा उजेड.)

आम्हाला वाटलं, तपासणी क्रेनपासून सुरू होईल. इथले सगळ्यात जुने खलाशी (वजनं बांधणाऱ्याला आपल्याकडे खलाशीच म्हणतात, मग तो जहाजावर कधी चढलेला नसला तरी) सरळ पॉन्टूनच्या झाकणाशी गेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी एकेक कप्पा उघडून आत बॅटरी मारली. चौथ्या कप्प्यात चार बोटं पाणी.

“एवढ्याशा पाण्यानं काय होतंय मामा?” नवा इंजिनिअर विचारतो.

“परातीत पाणी घेऊन चाला की साहेब. मग कळतंय.”

परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलायला लावतं. पॉन्टूनच्या पोटात साचलेलं पाणी हेच करतं. म्हणून आधी कप्पा उपसायचा, गळती कुठे आहे ती शोधायची, झाकणाचं रबर बदलायचं. क्रेनला हात नंतर.

(दृश्य: केबिनमध्ये टांगलेला ओळंबा. मागे कागदाच्या पट्टीवर पेनाने केलेल्या खुणा.)

हा गवंड्याचा ओळंबा. क्रेनच्या केबिनमध्ये तो काय करतोय? झुकाव दाखवतोय. जमिनीवर क्रेन सपाट उभी असते आणि कंपनीचा लोड चार्ट, म्हणजे किती वजन उचलता येईल त्याचा तक्ता, त्याच हिशोबाने केलेला असतो. पाण्यावर वजन उचललं की पॉन्टून त्या बाजूला झुकतो. झुकला की बूमचं, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचं, टोक आणखी बाहेर जातं. टोक बाहेर गेलं की तेच वजन क्रेनला जड होतं, आणि पॉन्टून आणखी झुकतो. शिवाय आडवा ताण बूमवर येतो, ज्यासाठी ती घडवलेलीच नसते. म्हणून जमिनीचा चार्ट इथे चालत नाही. किती झुकाव धरून किती वजन, याचा वेगळा, कमी केलेला तक्ता जाणकाराकडून करून घ्यावा लागतो. आणि क्रेन पॉन्टूनला जखडलेली हवी. नुसती ब्रेक लावून उभी केलेली नको. हायड्रा तराफ्यावर चढवून “होतंय की” म्हणणारे लोक आम्हीही पाहिलेत.

(दृश्य: जवळून. स्लिंगवरून, म्हणजे वजन बांधायच्या तारेच्या दोरावरून, सरकणारा जुना टॉवेलाचा तुकडा.)

आता जरा थांबून बघा.

मामांच्या हातात सोलापुरी टॉवेलाचा फाटका तुकडा आहे. तो स्लिंगभोवती धरून ते सावकाश पुढे सरकवतायत. उघड्या हाताने नाही. तुटलेली तार सुईसारखी तळव्यात घुसते. टॉवेलाचे फास मात्र तारेच्या टोकात अडकतात. इथे एक धागा ओढला गेला. बोटभर पुढे दुसरा. मग एकाच जागी तीन.

मामांचं तरुणपण मागावर गेलं. तुटलेला धागा नजरेआधी हाताला कळतो, असं ते म्हणतात. मागावर धागा तुटला तर कापडात खोट राहते, गाठ मारून पुढे जाता येतं. इथे गाठ मारायची सोय नाही.

मोजायचं कसं, याचा नियम आहे. बंदरात आणि बांधकामावर आपल्याकडे चालत आलेला हिशोब असा: दोराच्या जाडीच्या आठ पट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून जास्त झाल्या, की दोर बाद. हा स्लिंग 16 मिलिमीटरचा, म्हणजे 128 मिलिमीटर लांबी बघायची. सहा पेडांचा, प्रत्येक पेडात 19 तारा, एकूण 114. अकरापर्यंत ठीक, बारावी सापडली की संपलं. एरवी दर तीन महिन्यांनी दोर बघायचा, पण एक जरी तार तुटलेली दिसली तरी तिथून पुढे दर महिन्याला.

मामांनी मोजल्या. चौदा.

(दृश्य: टेबलावर फाइल. प्लास्टिकमधलं टेस्ट सर्टिफिकेट.)

गंमत म्हणजे या स्लिंगचं सर्टिफिकेट फाइलमध्ये होतं आणि मुदतीतही होतं. 1948 चा कारखाना कायदा 29 व्या कलमात सांगत आला: उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर सक्षम व्यक्तीकडून वर्षातून निदान एकदा नीट तपासून घ्या, सुरक्षित भार किती ते त्यावर लिहा, त्याहून जास्त उचलू नका. पण सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं खरं. त्यानंतर हा स्लिंग कुठल्या धारदार कडेवर घासला, किती दिवस चिखलात पडून राहिला, ते कागदाला कुठून कळणार?

(दृश्य: शॅकल, म्हणजे पिनेची लोखंडी कडी; हूक; दोराचं टोक आवळणारा बुलडॉग क्लॅम्प.)

बाकीचं झपाट्याने झालं. हूकचं तोंड फाकलेलं नाही, खटका परत बसतो. एका शॅकलमध्ये मूळ पिनऐवजी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट निघाला, तो पाण्यात भिरकावताना मामांनी शिवी घातली; ती आम्ही कापली आहे. टोकाला लावलेल्या बुलडॉग क्लॅम्पपैकी एक उलटा होता. यू-बोल्टची बाजू दोराच्या मोकळ्या शेपटीवर हवी, भार घेणाऱ्या बाजूवर नाही, नाहीतर भाराचा दोरच चेपतो.

(दृश्य: दोन पोरं दोरीने पाण्याची घागर उचलून धरतात. हळूहळू एकमेकांपासून लांब जातात.)

हे मामांनी आमच्यासाठी करून दाखवलं. पोरं जवळ होती तेव्हा हसत होती. लांब गेली तसे दंड थरथरायला लागले. घागर तीच. एक टनाचा पंप दोन दोरांवर सरळ टांगला तर प्रत्येकावर अर्धा टन. दोर आडव्याशी 60 अंशांवर आले तर प्रत्येकी सुमारे 580 किलो. 30 अंशांवर आले, की प्रत्येक दोरावर पुरा एक टन. दोर आखूड पडला म्हणून ताणून बांधणाऱ्यांना हा हिशोब ठाऊक नसतो.

(दृश्य: पश्चिमेला ढग. पाण्यावर बारीक लाटा.)

दुपारनंतर इथे वजन उचलायचं नाही, असा मामांचा नेम. मे महिन्यातला वळीव विचारून येत नाही. याच जलाशयात 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. त्या दिवसाबद्दल इथे कुणी फार बोलत नाही. लाइफ जॅकेट मात्र आता न सांगता चढतं.

(दृश्य: गॅस कटरची ठिणगी. स्लिंगचे दोन तुकडे.)

बाद स्लिंग कोपऱ्यात टाकून भागत नाही, कुणीतरी घाईत तोच उचलतो. म्हणून जागच्या जागी कापला. एका पोराने तुकडा म्हैस बांधायला मागितला, मामांनी दिला नाही.

दहाला उचलायचा पंप पावणेबाराला उचलला. टेंभुर्णीहून नवा स्लिंग यायचा होता, तोवर सगळे चहाला बसले. पंप हवेत गेला तेव्हा ओळंबा दुसऱ्या खुणेपर्यंत सरकला आणि तिथेच थांबला. मामा त्याच्याकडेच बघत होते, पंपाकडे नाही.