एका वेलांटीचा ठराव

श्रोतेहो, नमस्कार. विकिपीडियाचं बोधचिन्ह मोबाईलवर पाहिलंच असेल तुम्ही. कोड्याच्या तुकड्यांचा गोळा, वरचे काही तुकडे गायब. बिनपगारी लिहिणाऱ्या मंडळींनी २००३ साली स्पर्धा घेऊन, मतं देऊन ते निवडलं. त्या गोळ्यावर आपला 'वि' आहे, आणि त्याचीच वेलांटी बिघडली होती! ती सुधारायला २०१० उजाडलं.

आमच्या गावात, दारव्हा तालुक्यात, हेच झालं. विठ्ठल भजनी मंडळाची पाटी मारुतीच्या पारासमोर. पेंटरनं लिहिलं होतं 'वीठ्ठल', दीर्घ. अक्षर मात्र काय टपोरं! आताच्या फ्लेक्सवर सोळा चेहरे असतात, मंडळाचं नाव भिंग लावून वाचा. असो. नागपूरला शिकणाऱ्या एका पोरानं कॉम्प्युटरवर नवी पाटी केली. रंग नवा, अक्षर नवं, वीणेचं चित्रही नवं. रात्री बैठक झाली, हात वर झाले, ठराव पास. सकाळी जुनी पाटी खाली.

संध्याकाळी हरिपाठाला वीणेकरी बुवा आलेच नाहीत. बैठकीच्या रात्री ते हरभऱ्याच्या जागलीवर होते. पोरगं घरी गेलं, तर म्हणाले, "तीस वर्सं त्याच वेलांटीखाली उभा रायलो बाप्पा. मले इचारलं काहून नाई?"

मग मंडळ पुन्हा बसलं. जुन्या-नव्या दोन्ही पाट्यांची चित्रं आठ दिवस पारावर चिकटवली. हरकत असेल त्यानं कारण सांगायचं. 'आवडत नाही' हे कारण नव्हे. 'लांबून वाचता येत नाही' हे कारण. शेवटी रंग जुना, वीणा जुनी, फक्त वेलांटी ऱ्हस्व झाली.

विकिपीडियावरही रीत अशीच. चिन्ह बदलायचं तर प्रस्ताव चर्चेला ठेवायचा, थांबायचं, सहमती झाल्याचं दाखवायचं. मगच तांत्रिक मंडळी हात लावतात. पुन्हा सांगतो, आधी थांबायचं, मग बदलायचं. २०१० साली गोळा नव्यानं घडवला, पण गोळाच ठेवला. त्यांचाच शब्दकोश विक्शनरी. त्याच्या नव्या चिन्हासाठी २००६ साली मतदान झालं, तरी कित्येक भाषांनी ते लावलंच नाही. एकाच प्रकल्पाची वेगवेगळी चिन्हं वर्षानुवर्षं चालली. तेही म्हणाले असतील, आमाले इचारलं काहून नाई?

आमची जुनी पाटी बुवांच्या गोठ्यात आहे. मागितली तर देत नाहीत.